सोळा अळणी शुक्रवार

३ जानेवारी १८८६, रविवार. ठाणे.

मिशनच्या मडमेला महिनाअखेर द्यायची रोजनिशी वेगळी. तिच्यात मी किती घरी गेले, किती बायकांना शास्त्र वाचून दाखवलं, बाप्तिस्म्याला कोण तयार आहे, एवढंच असतं. ही वही माझी. आमच्या ह्यांची, शाळेतली, कोरी राहिलेली. ते जाऊन आठ वर्षं झाली, वही पेटीत तशीच होती. आज कुठेतरी खरं लिहिल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नाही.

उपासनेनंतर मंडळीची सभा झाली. काळुराम मास्तर उठले. शाळाही तेच चालवतात आणि मंडळीचे वडील, म्हणजे पंच, तेही तेच. त्यांनी ठराव मांडला की येत्या ईस्टरपासून जो कोणी तंबाखू खाईल, ओढील किंवा मिसरी लावील त्याला चकती मिळणार नाही. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मंडळीचे वडील लायक माणसाच्या हातावर शिशाची लहानशी चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी ती दारातल्या पिशवीत टाकायची, मगच मेजाशी बसायचं. चकती नाही, तर मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं जेवण बघा.

आमचे पाळक अण्णा कल्याणहून सकाळच्या गाडीने आले होते. बिचारे मोहन्यापासून खडवलीपर्यंत पायी हिंडून थकलेत. ते म्हणाले, मास्तर, ते मेज भुकेल्यांसाठी आहे, निरोगी माणसांच्या पंगतीसाठी नाही. मास्तर म्हणाले, मग ताडीच्या गुत्त्यातले भुकेलेही उद्या येतील, त्यांना काय सांगायचं? मला वाटलं, अण्णा वयाने ढिले पडलेत. कृपा, कृपा म्हणून सगळं मोकळं सोडलं तर मंडळीत आणि बाजारात फरक काय उरला?

हात वर करा म्हटल्यावर पुरुष आपल्या पायांकडे बघू लागले. पहिला हात वर गेला तो माझा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण मी मिसरी लावते. बावीस वर्षं लावते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी दाढ ठणकत होती म्हणून सासूबाईंनी बोटावर घेऊन लावली, ती लागलीच. धर्म बदलला, सासर सुटलं, नवरा गेला, मिसरी राहिली. हे कुणालाही ठाऊक नाही. घरी तंबाखू भाजली तर आळीभर वास जाईल, म्हणून खाडीवरच्या आगरी वस्तीतली आवडाबाई मला भाजून, कुटून देते. मी तिथे शिकवायला जाते तेव्हा ती माझी पितळेची डबी भरून ठेवते. तिच्या पोटात गोष्ट राहते. ईस्टर एप्रिलच्या पंचवीस तारखेला आहे. तोवर सोडीनच.

७ जानेवारी, गुरुवार.

नाही सुटली. सोमवारी डबी विहिरीमागे पुरली. मंगळवारी दुपारी उकरून काढली. बाई ग, चाळिशी उलटलेल्या बाईने खुरपं घेऊन विहिरीमागे बसावं, शोभतं का? प्रार्थना करायला गुडघे टेकले की तोंडाला पाणी सुटतं आणि लक्ष फळीवरच्या डबीकडे.

आज एक विचार आला. कल्याणला माहेरी आई सोळा सोमवार करायची. काही मागणं असलं की सोळा सोमवार, आणि मागणं पुरं व्हायचंच. सोमवार आपल्याला चालायचे नाहीत. पण प्रभू शुक्रवारी वधस्तंभावर गेला. सोळा शुक्रवार धरले, दिवसभर अळणी खाल्लं, तर? मोजून पाहिलं. उद्यापासून धरले तर सोळावा शुक्रवार तेवीस एप्रिलला, म्हणजे नेमका उत्तम शुक्रवारी येतो. ही खूण नाही तर काय? अण्णांना विचारणार नाही. ते काहीतरी मऊमऊ बोलतील.

८ जानेवारी. पहिला शुक्रवार.

अळणी भात, अळणी वरण. घशाखाली उतरेना. संध्याकाळी मिसरी लावली. पण एकदाच.

२२ जानेवारी. तिसरा शुक्रवार.

वस्तीवर गेले होते. हे लोक वर्षानुवर्षं मिठागरात राबणारे. दिवाळीनंतर खाडीचं पाणी वाफ्यांत घेतात, आणि आता उन्हं वाढतील तसं मीठ धरू लागेल. आवडाबाईचा बाप्तिस्मा होऊन पाच वर्षं झाली. तिची सून तुळसा ईस्टरला घ्यायची आहे. पोरगी मोठी चलाख. अक्षरं महिन्यात शिकली, आणि प्रश्न असे विचारते की मलाच घाम फुटतो.

दुपारी तिने जेवायला वाढलं. मी मीठ बाजूला सारलं तर लगेच म्हणाली, बाय, आमचे घरचं मीठ तुमाला नको? मिठागरात येऊन मीठ नको म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं. मग सांगावंच लागलं की शुक्रवार धरलेत, देवाजवळ एक मागणं आहे. कसलं ते सांगितलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग आवडाबाईकडे बघितलं, आणि गप्प बसली. गप्प बसली याचंच नवल.

५ फेब्रुवारी. पाचवा शुक्रवार.

काय सांगू! वस्तीवरच्या चार बायकांनी शुक्रवार धरलेत. तुळसाने सुरुवात केली म्हणे. मी विचारलं, तुमचं मागणं काय, तर एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावतात. असेल मुलाबाळांचं काही. मनातून मला फार बरं वाटलं. आठ वर्षं शिकवते, पण एवढ्या उत्साहाने त्यांनी माझं काही उचललं नव्हतं.

आता नेमही वाढलेत. शुक्रवारी वेणी घालायची नाही. वाफ्यावरच्या मिठाच्या खेपा उरकेतो पाणी प्यायचं नाही. सोळाव्या शुक्रवारी सोळा जणांना जेवायला घालून उद्यापन करायचं. आवडाबाईने तर कहाणीसुद्धा रचली. सगळ्या हातात मिठाचे चार खडे घेऊन बसल्या होत्या आणि ती सांगत होती, "आटपाट आगर व्हतं. तिथं एक बाय व्हती. मोठी शहानी, मोठी मायेची. लोकांना वाट दाखवी, पन तिला एक नाद व्हता. देवाला बोलली, मना सोडव. देव बोलला, तू एकली कशाला, साऱ्याजनी या." मला कहाणी आवडली. ही बाय कोण म्हणून आवडाबाईला विचारलं, तर ती नुसती हसली.

११ फेब्रुवारी, गुरुवार.

नवल घडतंय. पूर्वी एक बोट लावलं की डोक्यात कशी झिणझिणी यायची, ती आताशा येत नाही. लावते तेवढीच, पण तलफ बोथट झाली आहे. सहावा शुक्रवार उद्या. म्हणजे व्रताला फळ येतंय. देवा, अण्णांना विचारलं नाही तेच बरं झालं.

२८ फेब्रुवारी, रविवार.

आठ शुक्रवार झाले. दिवसाला एकदाच लावते, तीही सवयीने.

उपासनेनंतर मास्तरांपाशी उभी होते. बोलता बोलता मी म्हटलं, माणसाने मनाला शिस्त लावली तर कुठलाही नाद सुटतो, माझ्या अनुभवाची गोष्ट आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मास्तरांचा चेहरा खुलला. म्हणाले, सगुणाबाई, तुमच्यासारखी चार माणसं मंडळीत असती तर मला नियम करावे लागले नसते. आणि मग माझ्यावरच एक काम सोपवलं. बायकांचे दात बघायचे. कोण मिसरी लावतं त्याची यादी ईस्टरपूर्वी त्यांना द्यायची. पुरुषांचं ते स्वतः बघणार.

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जास्त उघडणं बरं नव्हतं.

४ मार्च, गुरुवार.

यादी केली. वस्तीवर एका ओळीत बायका बसवल्या आणि एकेकीला आ करायला लावलं. सासू-सुना एकमेकींना ढोसत होत्या, जत्रेतल्या बैलाचे दात बघतात तसा सगळा देखावा. आवडाबाईची पाळी आली. तिने माझ्या डोळ्यांत बघत तोंड एवढं मोठं उघडलं की पडजीभ दिसली. हिरड्या काळ्याकुट्ट. मी कागदावर तिचं नाव लिहिलं.

निघताना तिने रोजच्यासारखी डबी भरून माझ्या पिशवीत टाकली. मी घेतली. आता लिहिताना तोंड काळं झाल्यासारखं वाटतंय, आणि ते मिसरीने नव्हे. पण नियम तो नियम. तिने सोडावी की.

२६ मार्च. बारावा शुक्रवार.

ऊन मी म्हणतंय. मिठाचे ढीग डोळ्यांना सोसवत नाहीत. चार राहिले.

९ एप्रिल. चौदावा शुक्रवार.

माझ्या हातून काय होऊन बसलं असतं, देवा.

दुपारी वस्तीवर पोचले तर वाफ्याच्या बांधावर गर्दी. तुळसा पाटी डोक्यावर घेऊन चालता चालता कोसळली होती. ओठ पांढरे, हातपाय गार, एवढ्या उन्हात गार. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, मिठाचा कण नाही. खेपा उरकायच्या होत्या ना. उचलून झोपडीत नेली. तेव्हा आवडाबाईने कपाळ बडवून घेत सांगितलं की पोरीला चौथा महिना आहे.

मी पेज करायला घेतली. मिठाच्या मडक्यात हात घातला तर तुळसाने डोळे न उघडताच मान हलवली, शुक्रवार आहे म्हणून. मी तिची हनुवटी धरली आणि मुठीतलं मीठ पेजेत टाकलं. ती तोंड उघडेना. मग मीच वाटीतली पेज तिच्यासमोर प्यायले, मीठ घातलेली, चौदाव्या शुक्रवारी. म्हटलं, बघ, बायने मोडला, आता तू पी. तेव्हा प्यायली. तिसरी वाटी संपेतो तिचे ओठ लाल झाले. सुईण आली, पोट चाचपलं, म्हणाली पोर जागेवर आहे. मी बाहेर येऊन बांधावर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

१० एप्रिल, शनिवार.

सकाळीच गेले. तुळसा भिंतीला टेकून बसली होती, चांगली हसत होती. मी तिला रागावले. म्हटलं, पोटात पोर असताना असलं काही धरतात का? एवढं कसलं मागणं होतं तुझं?

ती म्हणाली, "बाय, मी तं तुमचेसाठी धरलेले. तुमची मिसरी सुटावी म्हनून. नाय सुटली तं तुमाला चकती नाय मिलनार. मग माझ्या बाप्तिस्म्याला तुमी मागं बसनार. ते मना बरं नाय वाटत."

चारही जणींनी माझ्यासाठीच धरले होते. सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. पहिल्यापासून. मांजर डोळे मिटून दूध पितं तशी मी तीन महिने, नाही, आठ वर्षं ह्यांच्यात वावरले. त्या दिवशी आ करून बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की दात बघणारीचे दात कसे आहेत. आणि एकीनेही म्हटलं नाही, बाय, आधी तू आ कर.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तेवढ्यात आवडाबाईने चुलीपाशी बसून दुसरा तोफगोळा टाकला. "आनी बाय, डबीत मिसरी आता हाय कुठं? पयलं चिमूटभर भाताचं तूस जालून मिसलवलं. मंग मूठभर. दोन हप्ते जालं, नुसतं तूसच हाय. राखुंडी घासताव तुमी."

मी भडकले. मला फसवलंस, म्हणून ओरडले. कोणी सांगितलं तुला हे करायला? ती शांतपणे फुंकणीने चूल फुंकत म्हणाली, "कोनी नाय सांगितलं. तुमचे हाल बघवंना."

मी डबी काढली, बोटावर घेतली, जिभेवर ठेवली. राख. नुसती राख. तुळसा आधी हसायला लागली, मग आवडाबाई, मग मला काही आवरेना. पोट दुखेतो हसलो तिघी. सुईण वाकून बघून गेली, पुन्हा काही झालं का म्हणून.

घरी येऊन लिहितेय. मी माझ्या शुक्रवारांचं पुण्य मोजत होते आणि डबीत कोंडा होता. मी शिस्त शिस्त म्हणून मास्तरांपुढे मिरवत होते, आणि माझी सुटका एक काळ्या दातांची बाई चुलीवर भाजत होती. जिचं नाव मी यादीत लिहिलं ती. अण्णा कृपा म्हणतात ते हेच असेल, तर मला आजवर त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. फुकट मिळतं आणि मिळालेलं कळतही नाही.

१८ एप्रिल, झावळ्यांचा रविवार.

मास्तरांच्या कानावर गेलं. तुळसा पडल्याचं, शुक्रवारांचं, कहाणीचं, उद्यापनाचं. मिसरीचं मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सभेनंतर पांढरे पडले होते. म्हणाले, व्रतं आणि कहाण्या करणाऱ्या बाईचा बाप्तिस्मा कसा द्यायचा? तुळसाचं नाव पुढच्या वर्षावर ढकलतो. शनिवारी अण्णा येतील तेव्हा नक्की करू.

मी गप्प राहिले तर माझी चकती वाचते, माझं काम वाचतं, आणि पोरीचा बाप्तिस्मा जातो. बोलले तर माझी चकती आणि काम जातं, पण तिचा बाप्तिस्मा वाचतो. हे लिहायला एवढा वेळ लागला, पण ठरवायला नाही लागला.

२३ एप्रिल. उत्तम शुक्रवार. सोळावा.

तीन वाजता उपासना झाली. घरी येऊन भात, आमटी आणि वर चिमूटभर मीठ घेऊन जेवले. उद्यापन झालं.

२४ एप्रिल, शनिवार.

प्रार्थनाघरात टेबलावर चकत्यांची पेटी, एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला मास्तर हातात यादी घेऊन. वस्तीवरच्या बायका भिंतीला लागून उभ्या. मास्तरांनी तुळसाचं नाव घेण्याआधीच मी पुढे झाले.

सगळं सांगितलं. शुक्रवार मी काढले. अळणी मी काढलं. कारण मी बावीस वर्षं मिसरी लावते, आणि ठरावाला पहिला हात माझा होता, आणि दात बघणारीही मीच. तुळसाचा दोष एवढाच की तिने माझ्यावर माया केली. यादीत माझं नाव नाही, ते लिहा.

मास्तर खुर्चीत बसले. मला वाटलं होतं, रागावतील. त्यांचे डोळे भरले होते. ते जे बोलले ते मी शब्दशः लिहून ठेवते.

"सगुणाबाई, माझा बाप ताडी पिऊन कळव्याच्या खाडीत बुडाला. मी वीस वर्षांत गुत्त्याच्या आळीने गेलेलो नाही. लांबचा रस्ता घेतो. लोकांना वाटतं, मास्तर कडक आहे. मी घाबरट आहे. हे कुंपण काढलं, तर आत कोण निघेल ते मला ठाऊक नाही."

आठ वर्षं मी या माणसाला भीत आले, आणि हा स्वतःलाच भीत होता.

अण्णा म्हणाले की तुळसाचा बाप्तिस्मा उद्या होईल, ते त्यांचं काम आहे आणि ते करणार. चकत्यांचं मात्र वडिलांकडे. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मास्तरांना सांगा की. त्यावर ते म्हणाले, "मी हुकूम केला तर तोही नियमच होईल, सगुणा. कृपा हुकमाने वाटता येत नाही."

मास्तरांनी तुळसाच्या हातावर चकती ठेवली. माझ्यापाशी आले, थांबले, आणि मान खाली घालून पुढे गेले. आवडाबाईलाही नाही. ठराव मंडळीचा होता, एकट्याने कसा मोडणार? मी त्यांना दोष देत नाही. उद्या मागे बसेन. तुळसाचं डोकं भिजताना मागूनही दिसेल.

२५ एप्रिल. ईस्टर, रविवार.

घाईघाईने लिहितेय, शाई सांडेल. सांडू दे.

बाप्तिस्मा झाला. तुळसाच्या केसांतून पाणी गळत होतं आणि ती पुसत नव्हती. मग प्रभुभोजन. ज्यांच्याकडे चकत्या होत्या ते रांगेने दारातल्या पिशवीकडे गेले. पिशवी मास्तरांच्या हातात. मी आणि आवडाबाई मागच्या बाकावर. तुळसा रांगेत शेवटची होती. ती पिशवीपाशी गेली नाही. वळून आमच्याकडे आली, पदराची गाठ सोडली, आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवलं.

चकतीचा तुकडा. एक आवडाबाईच्या हातावर, एक तिच्या. पोरीने सकाळी सासूच्या अडकित्त्याने, सुपारी कातरावी तशी, शिशाची चकती कातरली होती. तीन तुकडे. मी म्हटलं, वेडे, हे चालत नाही. ती म्हणाली, भाकर मोडून वाटतात तं हिला काय जालं?

माझा हात धरून तिने मला उठवलं. चालले कशी ते मला आठवत नाही. मास्तरांनी तिघींचे तुकडे तळहातावर घेतले. सगळं घर वळून बघत होतं. मास्तरांनी बोटाने तुकडे एकाला एक लावले. गोल पुरा होईना. कातरताना एक कण उडून गेला होता, मधे बारीकशी फट राहिली. ते पुन्हा पुन्हा जुळवत होते, वर्गात हिशेब चुकलेल्या पोरासारखे. मग हळूच म्हणाले, "कमी पडतंय."

अण्णा मेजापाशी भाकर हातात घेऊन उभे होते. तिथूनच म्हणाले, "पडू द्या मास्तर. पडतंय ते इकडून भरून घेऊ."

मास्तरांनी तिन्ही तुकडे पिशवीत टाकले. तेवढ्यावर थांबले असते तरी मी जन्मभर त्यांचं नाव काढलं असतं. पण त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, ती दाराच्या खुंटीला अडकवली, आणि बिनचकतीचे जे सहासात जण मागे बसले होते, चिलीम ओढणारा भिवा, तंबाखू खाणारा धाकू, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "या. सगळे या." भिवाला खरं वाटेना, मास्तरांनी त्याचा दंड धरून त्याला मेजाशी आणून बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले.

भाकर माझ्याकडे आली. मी तोडली आणि आवडाबाईला दिली. तिने ती काळ्या हिरड्यांनी चावली, आणि डोळे मिटले. मी रडत नव्हते, कुणाला वाटलं असेल तर चूक आहे. मला गावंसं वाटत होतं. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा वस्तीवरच्या बायकांनी आपल्या मिठागरातल्या चालीवर धरलं. पेटीवाल्याला ती चाल येईना, त्याने हात जोडून पेटीच बंद केली. आमचं गाणं बाजारापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. माझाच आवाज सगळ्यांत वर होता, आणि मला सूर कळत नाही हे मंडळीला आज कळलं.

३० एप्रिल, शुक्रवार.

पहिला साधा शुक्रवार. सकाळी शेजारच्या घरात तंबाखू भाजली. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. खोटं कशाला लिहू. बावीस वर्षं काय एका भाकरीने पुसली जातात? पण उठले, चपला घातल्या आणि तडक वस्तीवर गेले. आवडाबाईला म्हटलं, मला राखुंडी दे, आणि माझ्याजवळ बस. ती बसली. स्वतःच्या डबीतही तिने आता निम्मं तूस घातलंय. मला वाटतं ते तुळसाने घातलंय आणि सासूला अजून ठाऊक नाही. मी काही बोलले नाही.

मास्तर काल गुत्त्याच्या आळीने शाळेत गेले. भिवा बरोबर होता. घामाघूम होऊन पोचले, पण पोचले.

तुळसाने दुपारी माशाचं कालवण वाढलं. मीठ जरा जास्त झालं होतं. दोनदा मागून घेतलं.